पुस्तक अजून पोचलं नाही

"आप्पा, तुम्ही पुस्तक उघडलंसुद्धा नाही?"

हेमांगचा आवाज चढला होता. रागानं नाही, उत्साहानं. दुपारपासून तो असाच होता.

आप्पांच्या पुढ्यात पुस्तक होतं. नवं कोरं, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. कुरिअरची चिठ्ठीही निघालेली नव्हती.

"नाही," आप्पा म्हणाले.

"महिना झाला मला देऊन!"

"माझ्यापर्यंत अजून आलं नाही."

हेमांगनं पुस्तकाकडे पाहिलं, मग आप्पांकडे...

"मग हे तुमच्यासमोर काय आहे?"

तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली.

आमचं पुस्तकमंडळ सोलापुरात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर भरतं. गिरणी सुरू झाली की कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. सगळे गप्प बसतात आणि दळण संपलं की भांडण जिथं सोडलं तिथून पुढे सुरू करतात. मंडळ चौदा वर्षं टिकलं ते या गिरणीमुळंच, असं माझं मत आहे.

मंडळाची रीत साधी. पुस्तक एक आणि घरं बारा. भिंतीवर घरांची यादी लावलेली. ज्याचं वाचून होईल त्यानं पुढच्या घरी पुस्तक पोचवायचं. यादीच्या वर आप्पांच्या अक्षरात तीन ओळी आहेत.

पुस्तक स्वतः नेऊन द्यावे.

बसावे.

पाणी प्यावे.

पुस्तक बारा घरं फिरलं की रविवारी बैठक आणि चर्चा. आप्पांचं नाव यादीत कायम शेवटी. सगळ्यांची बोटं लागून मऊ झालेलं पुस्तक त्यांना आवडतं.

आप्पा म्हणजे गुरुलिंगप्पा मास्तर. पालिकेच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं शिकवलं. हेमांग वळसंगकर त्यांचाच विद्यार्थी. पुण्याला जाऊन त्यानं शहरातल्या गरिबीवर प्रबंध लिहिला, डॉक्टर झाला आणि इथल्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून परत आला. दोन महिन्यांपूर्वी मंडळात आला, तेव्हा आप्पांनी स्वतःच्या नावाच्या वर त्याचं नाव लिहिलं.

पोरगा हुशार. मनानंही चांगला. फक्त घाई फार.

आप्पांना आता माडीचा जिना झेपत नाही. एक्क्याऐंशी वय, दोन्ही गुडघे गेलेले. या बैठकीनंतर पुस्तकांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कोणाकडे तरी देणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. किल्ली म्हणजे मंडळच. ती हेमांगला हवी होती आणि हे त्यानं लपवलंही नव्हतं. "मला द्या आप्पा, मंडळ कुठल्या कुठं नेतो बघा," असं तो सरळ म्हणाला होता.

आणि सुरुवातही धडाक्यात केली. पुस्तक त्यानंच निवडलं. वीटभट्टीवर जन्म काढलेल्या एका बाईनं लिहिलेलं तिचं आयुष्य. विषय ठरला, गरिबी आणि समाजातले वर्ग. मग त्यानं पदरच्या पैशानं बारा प्रती घेतल्या आणि कुरिअरनं बारा घरी पाठवून दिल्या.

"कशाला एकानं दुसऱ्याची वाट बघायची?" तो म्हणाला होता. "आणि माझं घर केवढं लांब! आमच्या सोसायटीत वॉचमन कोणाला आत सोडत नाही. उगाच गेटवर ताटकळायचं. त्यापेक्षा ज्याची प्रत त्याच्या घरी."

मी टपाल खात्यात पोस्टमन होतो. कुरिअरवाल्यांबद्दल माझं जे मत आहे ते इथं लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर मलाही आनंद झाला होता. यादीत माझ्या पुढचं घर नरसूबाईंचं. तिथं जायचं म्हणजे सूतगिरणीच्या मागं, उन्हातान्हात पाऊण तास. या खेपेला तेवढी पायपीट वाचली.

गिरणी थांबली.

"चला, सुरू करू या," हेमांग म्हणाला. त्याला धीर नव्हता. भिंतीला लावायला त्यानं एक मोठा तक्ता आणला होता. चार रंगांत चार वर्ग, त्यात बाण, बाणांवर टक्के. "आधी नरसूबाई बोलतील. मग मी."

"नरसूबाई आधी का?" आप्पांनी विचारलं.

"त्या स्वतः त्या वर्गातल्या! बिड्या वळतात. हे पुस्तक त्यांच्याइतकं कोणाला कळणार? आप्पा, मागच्या बैठकीत त्या काय बोलल्या होत्या! मी घरी जाऊन लिहून काढलं सगळं."

ते खरं होतं. नरसूबाई बोलायला लागली की माडी तापायची. ती मंडळात आली तीच मुळी भांडत. खाली दळण टाकून जिन्यात बसायची आणि वरचं बोलणं ऐकायची. एकदा आमच्यातला एक जण काहीतरी चुकीचं बोलला, तर तिथूनच ओरडली, "असं नसतंय ते!" आप्पांनी तिला वर बोलावलं आणि यादीत नाव घातलं.

"पण ती आहे कुठं?" कोठाडियाबाईंनी विचारलं. त्यांचं औषधांचं दुकान आहे, वेळेच्या फार पक्क्या.

सतरंजीवर अकरा माणसं होती.

"येतील," हेमांग म्हणाला. "प्रत पोचल्याची सही आहे माझ्याकडे."

"सही कोणाची?" आप्पा म्हणाले.

हेमांगनं मोबाइल काढून पाहिलं. "शेजाऱ्यांची दिसतेय..."

आप्पांनी मान हलवली. मग विचारलं, "तिचं घर कुठंय?"

हेमांगनं भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं.

"यादी बघू नको. मला सांग."

हेमांगनं मोबाइल खिशात ठेवला.

"यादीत तिच्या आधी म्हेत्रे आणि तिच्यानंतर तू," आप्पा म्हणाले. म्हेत्रे म्हणजे मी. "दोघं जा. तिला घेऊन या."

"आणि चर्चा?"

"आम्ही कुठं पळून जातोय?"

हेमांग उठला तो जवळपास पळतच. जिन्यात मला म्हणाला, "काका, दहा मिनिटांत आणू त्यांना! माझ्या गाडीवर बसा."

मी बसलो. जे मला माहीत होतं ते त्याला माहीत नव्हतं आणि ते सांगायला माझी जीभ रेटेना.

नरसूबाई उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. बोटं चालूच होती. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. आमच्याकडे बघून हसली, पण बोटं थांबली नाहीत.

"या की सर. घर सापडलं म्हणायचं."

"मावशी, तुम्ही आला नाहीत! सगळे थांबलेत. तुम्हीच सुरुवात करायची आहे."

"मी काय बोलणार? माझं पुस्तक झालं न्हाई."

"झालं नाही? महिनाभर होतं की तुमच्याकडे!"

तिनं मानेनंच वर फळीकडे दाखवलं. देवांच्या शेजारी पुस्तक ठेवलेलं होतं. प्लॅस्टिक तसंच. तंबाखू उडू नये म्हणून वरून एक धुतलेला रुमालही घातला होता.

"वाचायला वेळ झाला नाही का?" हेमांगनं विचारलं.

नरसूबाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"माझे हात कुठं मोकळे हायत, सर? पोस्टमनदादा येतेत, पाणी पितेत, वाचतेत. मी ऐकते. तीन वर्सं झाली. ह्या खेपेला दादा आलेच न्हाईत."

...

मी खाली बघत राहिलो. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पुस्तक घेऊन आलो, तेव्हा ती म्हणाली होती, "हात कामात हायत, दोन पानं वाचून दावा की." तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाला दोन-तीन दुपारी. तिला वाचता येतं का, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. पण मला ठाऊक होतं. कुरिअरची प्रत हातात पडली त्या दिवशीही ठाऊक होतं. पुस्तक तिच्या घरी गेलंय, म्हणजे झालंच की, अशी मी स्वतःची समजूत घातली. बत्तीस वर्षं दारोदार हिंडलो आणि नेमकं हे दार टाळलं. फार वाईट वाटलं मला.

हेमांगच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्याच्या ध्यानात आलं होतं.

"म्हणजे मी पुस्तकं पाठवली म्हणून..."

"बसा की," नरसूबाई म्हणाली. "उभ्यानं कशाला बोलताय?"

तिनं घडी केलेलं पोतं पुढं सरकवलं. हेमांग बसला. बसताक्षणीच तंबाखू नाकात गेली आणि त्याला सटासट पाच शिंका आल्या. नरसूबाई खदखदून हसली. आतून तिच्या सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

हेमांगच्या पिशवीत त्याची स्वतःची बाटली होती. सवयीनं त्याचा हात तिकडं गेला, मग थांबला. त्यानं तांब्या उचलला आणि अर्धा रिकामा केला.

मग उठून फळीवरचं पुस्तक काढलं, प्लॅस्टिक फाडलं आणि वाचायला लागला.

सुरुवातीला तो वर्गात वाचतात तसा वाचत होता. दहाएक पानांनंतर आवाज उतरला आणि घरातला झाला. भट्टीवरची ती बाई शेजारणीची साडी मागून लग्नाला जाते, तो भाग आला. इथं हेमांग एकेक शब्द सावकाश वाचायला लागला. नरसूबाई मात्र खुदकन हसली.

"हसलात का?"

"ती शेजारीण बी लग्नात आली आसंल की! सगळ्यांना सांगत फिरली आसंल, बगा बगा, साडी कशी झ्याक हाय."

मग तोही हसायला लागला. "हे मला सुचलंच नव्हतं! मी तिथं 'अभाव' असं लिहून ठेवलंय."

"पुढं वाचा."

पुढं माहिती गोळा करणारा एक माणूस भट्टीवर येतो. हातात कागद, खिशाला पेन. झोपडीच्या तोंडाशी उभा राहून त्या बाईला विचारतो, घरात भाजी किती वेळा होते? बाई सांगते, रोज. तो लिहून घेतो आणि पुढच्या झोपडीकडे जातो.

हेमांग पान उलटणार, तेवढ्यात थांबला. कसलातरी आवाज बंद झाला होता.

नरसूबाईची बोटं थांबली होती. मी तीन वर्षांत ती कधी थांबलेली पाहिली नव्हती.

"खोटं बोलली ती," नरसूबाई म्हणाली.

"हो. अशी माहिती खोटी येते, हा एक प्रश्नच आहे..."

"बरूबर केलं तिनं."

"बरोबर? का?"

"तो बसला का?"

हेमांगनं पुन्हा पान पाहिलं. बोट ठेवून ओळी वाचल्या.

"नाही. उभाच होता."

"मग? जो टेकत न्हाई, त्याला कोन खरं सांगंल?"

...

सून आत भांडी लावत होती. तेवढाच आवाज.

"मावशी," हेमांग हळू म्हणाला, "माझ्या प्रबंधात चारशे घरं आहेत."

नरसूबाईनं नवं पान घेतलं, तंबाखू भरली.

"किती घरांत बसला, सर?"

हेमांगनं मान खाली घातली. पुस्तक तसंच मांडीवर उघडं होतं. मला वाटलं आता हा रडतो की काय. पण तो एकदम ताडकन उठला. डोळे नुसते चमकत होते.

"चला! मावशी, आत्ताच्या आत्ता चला! हेच बोला तिथं. हेच, असंच. काका, उठा!"

"आवो, माझं सूप..."

"मी बघते, जा तुमी," आतून सून म्हणाली.

येताना गाडीवर नरसूबाई मागं बसली, मांडीवर पुस्तक घट्ट धरून. मी रिक्षानं आलो. मला दोघांच्या पुढं पोचता आलं नाही. जिना चढत होतो तोवर वर आरडाओरडा सुरू झाला होता.

दीड तास उलटला होता. एक माणूस घरी गेला नव्हता. हेमांगचा तक्ता उलटा करून सतरंजीवर पसरला होता आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर चुरमुरे आणि शेंगदाणे ओतले होते. हेमांगनं ते पाहिलं. खाली बसला आणि मूठभर चुरमुरे घेतले.

नरसूबाई बोलत होती. साडीचं बोलली, मग भाजीचं. माडी पेटली. एक जण म्हणाला, त्या माणसाचं कामच तेवढं, त्याला शंभर झोपड्या उरकायच्या होत्या. दुसरा म्हणाला, मग दहाच कर, पण टेकून कर. तिसरा म्हणाला, बसलं की गरिबी जाते का? नरसूबाई म्हणाली, "न्हाई जात. पन खोटं तरी बोलावं लागत न्हाई." यावर चौघं एकदम बोलायला लागले.

या सगळ्यात कोठाडियाबाईंनी हात वर केला. त्या कधी हात वर करत नाहीत.

"आमच्याकडे कामाला बाई येते," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. रोज मी औषधं लावता लावता विचारते, जेवलीस का ग? ती रोज म्हणते, हो, जेवले..."

त्यांनी हात खाली घेतला.

गिरणी सुरू झाली नव्हती. तरी सगळे गप्प होते.

मग एकदम कोणीतरी म्हणालं, "उद्या बसून विचारा," आणि कोठाडियाबाई डोळे पुसत हसल्या आणि पुन्हा गलका झाला. चौदा वर्षांत अशी बैठक झाली नव्हती. मी ओरडून काय काय बोललो ते मला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी घसा बसला होता.

आप्पा भिंतीला टेकून ऐकत होते.

शेवटी ते हळूहळू उठले. एकेकाच्या पुढ्यातली नवी प्रत उचलली, स्वतःची वेष्टनातली घेतली, हेमांगची खुणांनी भरलेलीही घेतली. अकरा प्रती कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. सतरंजीवर एकच प्रत उरली. नरसूबाईची. तिच्या पानांना आता तंबाखूचा वास होता.

हेमांग त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. मग उभं राहणं त्यालाच बरं वाटलं नसावं, तो खाली बसला. आप्पाही बसले.

"आप्पा, चुकलो मी. किल्ली मला देऊ नका."

"किल्लीचं नंतर बघू," आप्पा म्हणाले. "आधी पुस्तक माझ्यापर्यंत येऊ दे."

"येईल!" हेमांगचा उत्साह परत उसळला. "मावशींचं अजून अर्धं राहिलंय. मी रोज कॉलेज सुटलं की त्यांच्याकडे जातो. काका, तुम्हीही या. आठ दिवसांत संपवू. मग यादीत पुढं माझंच नाव. मी तिथूनच पुस्तक घेऊन जाईन. मावशींनी एवढ्या लांब कशाला यायचं? त्यांना उगाच त्रास."

नरसूबाईनं पुस्तक उचलून पदरात घेतलं.

आप्पांनी भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं. तीन ओळी, बारा घरं... किल्ली खिशात टाकली.

"त्रास तिचा ती बघेल. पुस्तक घेऊन ती तुझ्या घरी येईल. तू तेवढं वॉचमनला सांगून ठेव."